हाडं बसवणाऱ्या फुईला सूट का मिळाली नाही

माझ्या फुईवर अन्याय झाला. फुई म्हणजे बापाची बहीण. घाटाकडची माणसं आत्या म्हणतात. राहणार असोदा, वय साठीच्या पुढचं, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पदरी दोन बिघे केळी आणि एक म्हैस. अन्याय झाला तो एकेचाळीस सालच्या होळीआधीच्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, जळगावच्या कचेरीत, वीसेक माणसांच्या देखत. मी तिथं होते. तिचा अर्ज मीच लिहिला होता. तेव्हा हे सांगायचं कामही माझंच, आणि त्यात माझी जी लाज आहे तीही सांगणं माझंच काम.

आधी कायदा सांगते, म्हणजे घोळ नको. सरकारनं ठरवलं की यापुढे वैद्यकी करायची तर परीक्षा पास पाहिजे आणि नाव सरकारी यादीत पाहिजे. नाव नसलेल्यानं औषधपाणी केलं, हाड बसवलं, तर गुन्हा. यात वाईट काही नाही. राख विकणारे आणि सुया टोचणारे भोंदू मीही पाहिलेत, आणि धुळ्याला असताना या कायद्याच्या बाजूनं चौकात उभी राहून मी बोललेही आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेल्यांसाठी कायद्यात एक दार उघडं ठेवलं होतं. त्याचं नाव सूट. कायद्याच्या आधी दहा वर्षं आपण हे काम करत होतो एवढं दाखवलं की परीक्षा माफ. फुई चाळीस वर्षं हाडं बसवत होती. तिला सूट नाकारली. आणि त्याच दिवशी, त्याच टेबलावर, जो माणूस तिच्याचकडे येऊन हाडं शिकला, आणि तेही चार वर्षांपूर्वी, त्याला सूट मिळाली.

त्या माणसाचा मला मत्सर आहे. आज आहे, आणि कचेरीच्या कितीतरी आधीपासून आहे. हे वाचताना ते ध्यानात ठेवा, कारण मी ध्यानात ठेवलं नाही म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मॅट्रिकच्या आधीच्या उन्हाळ्यात मी असोद्याला होते. फुईच्या घरापुढं मातीचा लांब ओटा होता. सकाळी नऊच्या आत त्यावर दोन-तीन माणसं टेकलेली असायची. कोणी गाडीवरून पडलेला, कोणी मोट हाकताना घसरलेला, कोणी कापसाच्या जिनात खांदा निखळलेला. फुई म्हशीचं आवरून, हात धुऊन यायची आणि समोर बसायची. आलेल्याचं नाव विचारायची नाही. गाव विचारायची, कारण किती लांबून हिसके खात आला ते तिला कळायला हवं असायचं. मग डोळे मिटून बोटं चालवायची. बोलता बोलता, "तुमच्याकडे कपाशीले भाव काय निंघाला" असं विचारून, माणूस उत्तर द्यायला तोंड उघडायचा तेवढ्यात ओढायची. वर मेदालकडीच्या सालीचा लेप, त्यावर केळीच्या खुंटाचं ओलं सोपट, त्यावर बांबूच्या कामट्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी. सोपट सुकेल तसं आवळत जातं, म्हणून तिसऱ्या दिवशी परत यायचं.

आणि तिचा एक नियम होता. तो तिच्या सासूचा नियम होता, कारण हे काम तिला सासूनं दिलेलं. हाड बसलं की माणसानं निरोप घ्यायचा नाही. "येतो" म्हणायचं नाही, कारण पुन्हा यावं असं कोणाला वाटतं. हात जोडायचे नाहीत. काही द्यायचं नाही. फुईच्या ओट्यावरचं पाणीदेखील प्यायचं नाही. उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. फुईही "मी बसवलं" असं कधी म्हणायची नाही. कोणी म्हटलंच तर, "बसायचं व्हतं, बसलं," एवढंच. असं म्हणणाऱ्याच्या हाताचा गुण राहतो आणि मिरवणाऱ्याचा जातो, अशी त्या घराची समजूत. मी तेव्हा हसले होते. आता हसत नाही, चिडते.

त्या उन्हाळ्यात मी तिला म्हणाले, "फुई, मला शिकव."

"काय शिकवू?"

"हे. हाडं."

तिनं माझा हात हातात घेतला. बोटं एकेक करून मागे वाकवून पाहिली, जणू बाजारात भेंडी घेतेय. "हात चांगला हाये," म्हणाली. मी फुलून गेले. "पण तुह्यं तोंड लई चालतं, माय. बोट हाडावर असलं म्हणजे तोंड बंद पाहिजे. तुले जमाचं नाही."

"जमेल."

"पाहू."

तीन दिवस मी बोलले नाही. घरात कोणी मेलंय की काय असं शेजारणीनं विचारलं. चौथ्या दिवशी जिनातल्या एका हमालाला त्याच्या मुकादमानं गाडीत घालून आणलं. खांदा खाली लोंबत होता. फुईनं मला त्याची कंबर धरायला सांगितलं. मी धरली. फुईनं डोळे मिटले. आणि तो मुकादम शेजारी उभा राहून म्हणाला, "काय सांगू अक्का, या लोकांले पाय ठेवता येत नाही नीट." झालं. मी कंबर सोडली आणि त्या मुकादमाला विचारलं की तुमच्या जिनात कठडा आहे का, असेल तर कोणत्या बाजूला, नसेल तर का नाही. पाच मिनिटं बोलले असेन. जे बोलले ते सगळं खरं होतं. तेवढ्यात फुईनं शेजारच्या माणसाला कंबर धरायला लावून खांदा चढवलाही होता. मी काय ते समजले.

त्याच पावसाळ्यात तो आला, ज्याला सूट मिळाली तो. जळगावात कंपौंडर होता, ते सोडून स्वतःचं औषधांचं दुकान टाकलेलं. चष्मा, पायात पंपशू, केसांना वासाचं तेल. आईचं मनगट मोडलं म्हणून तिला घेऊन आला. आई बरी झाली, तरी हा गुरुवारचा गुरुवार येतच राहिला. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. फुईला वाटलं, कसा शांत माणूस आहे. अहो, त्याची जीभ अडखळते. एक "अक्का" म्हणायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागते. जो बोलूच शकत नाही तो गप्प बसला यात त्याचा गुण कसला? हे मी फुईला म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "मले काय करायचं कारण? चूप हाये ना तो." माझं हे बोलणं हलकं होतं. तरी लिहिते आहे, कारण मत्सर कसा असतो ते दिसू द्या.

तिनं त्याला शिकवलं. माझ्यासमोर शिकवलं. एक फुटकं मडकं पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि म्हणाली, "बाहेरून चाचपून खापऱ्या जुळव." पोत्यावरून बोटं फिरवत तो दुपारभर बसला. संध्याकाळी तिनं पोतं हळूच कापलं, तर मडक्याचा अर्धा गळा कडेला कडा लागून जुळलेला. फुई हसली. ती हसली की तिचे वरचे दोन दात दिसायचे, आणि ते मी फार क्वचित पाहिलेत. मग तिनं त्याचा अंगठा स्वतःच्या हातात धरून एका म्हाताऱ्याच्या नडगीवर ठेवला. "इथं. पाहाय. आता इथं."

तो गेल्यावर मी त्याच खापऱ्या दुसऱ्या पोत्यात घालून परसात नेल्या. खूप वेळ खटपट केली. दोन खापऱ्यासुद्धा जुळल्या नाहीत, एकीची धार पोत्यातून बोटाला लागली. पोतं मी उकिरड्यावर फेकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला निघून गेले. माझ्या बापाला वाटलं, पोरीला शिकायची केवढी ओढ.

धुळ्यात मी शिकले थोडं आणि पत्रकं जास्त लिहिली. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही सहाजण बसायचो. कापडगिरणीतल्या बायकांची रात्रपाळी, भाड्याच्या चाळीतले नळ, असले विषय. कोणावर तुटून पडायचं ते आधी ठरवायचं आणि मग वाक्यं रचायची, हे मी तिथं शिकले. त्यात माझा हात खरंच चांगला होता. तिथं तोंड बंद ठेवायला कोणी सांगत नव्हतं.

कायदा लागू झाल्याचं कळलं आणि मी असोद्याला आले. पोलीस पाटील नुकताच येऊन गेला होता. भला माणूस; लहानपणी त्याचं स्वतःचं हासळीचं, गळ्याखालचं हाड फुईनंच बसवलेलं. ओट्याखाली उभा राहून तो म्हणाला होता, "अक्का, वरून हुकूम आलाय. यादीत नाव लागेपर्यंत हात लावू नका कोणाले. मले तुमच्यावर कागद करायले लावू नका."

फुई म्हणाली, "मले कशाले पाहिजे यादी? मी दुकान थोडंच मांडलंय."

"फुई, नाव नसलं तर हा ओटा बंद," मी म्हणाले. "उद्या कोणी हात मोडून आला तर तू त्याला परत पाठवणार का?"

हे तिला लागलं. म्हशीपुढं वैरण टाकता टाकता ती थांबली. "लिही मग," म्हणाली. "पण खरं लिही."

सूट मागायला रोग्यांचे दाखले लागणार होते. आपलं हाड अमक्यानं अमक्या वर्षी बसवलं, अशा सह्या. मला वाटलं, यात काय अवघड आहे. चाळीस वर्षांची माणसं आहेत. पाचोऱ्याहून छोट्या गाडीनं मी पहूरला गेले. तिथं एक गृहस्थ होता, त्याचं डावं मनगट फुईनं असं बसवलेलं की पूर्वी कधी मोडलं होतं हे सांगूनही पटू नये. तो मला बघून उठला, पाणी दिलं, फुईच्या तब्येतीची चौकशी केली. कागद पुढं केला तर म्हणाला, "बाई, मी आता पोलिसात भरतीसाठी अर्ज केलाय. मनगट मोडलेलं होतं असं मीच लिहून देऊ?"

तिथून भडगावला. गिरणेच्या काठची एक शेतकरीण, तिच्या मुलीची मांडी. मुलगी दारात सडा घालत होती, चालण्यात कणभर फरक नाही. आईनं मला आत बोलावून दार लोटलं.

"तू सांगस ते बठ्ठं खरं शे, माय," ती म्हणाली. "तुनी फुई देवमाणूस शे. पन कागदवर नको. मनी पोरनं लगन जमाडेल शे. मांडी मोडेल व्हती हाई त्यासले समजनं ते?"

"लग्नानंतर सही द्याल?"

"लगननंतर सासर शे ना तिले."

असंच सगळीकडे. सालदार म्हणाला, मालक म्हणेल हा अधू आहे. एका मारवाडी दुकानदारानं मला गादीवर बसवलं, सुपारी दिली, आणि पायरीवरून पाय घसरला होता हे मुनिमालाही माहीत नाही, असं हळू आवाजात सांगितलं. फुईचं काम चांगलं म्हणूनच लपवता येत होतं. ज्याचं हाड वाकडं बसलं असतं त्यानं सही दिली असती, पण तसा एकही मला सापडला नाही. आणि त्या ओट्यावरून मागे न बघता निघून जायची सवय तिनंच सगळ्यांना लावलेली होती. अठरा गावं फिरून माझ्याजवळ एकही सही नव्हती.

मी काय करायला हवं होतं? पुन्हा जायला हवं होतं. उंबऱ्यावर बसायला हवं होतं. मी ते केलं नाही. कारण परत येताना जळगावच्या स्टेशनाबाहेर मला त्याची पाटी दिसली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, हाडवैद्य, खाली दुकानाची वेळ. त्यानंही सूट मागितलीय हे तिथंच कळलं. मी घरी आले, दिवा पुसला आणि अर्ज लिहायला बसले. चार ताव झाले. त्यातले तीन त्याच्यावर होते. तो कधी आला, कोणाकडे शिकला, किती वर्षं कमी भरतात, पाटीवर कसं खोटं आहे. काय भाषा होती. फुईला वाचून दाखवला तेव्हा त्याच्यावरचे ताव मी वगळले. ती म्हणाली, "थोडाच दिसतोय. तुले तर जास्त लिहिता येतं." मी कागद घडी करून ठेवला.

सोमवारी कचेरीत आम्ही दोघी बाकावर बसलो. फुईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि हात पदराखाली घेतले होते. पलीकडच्या बाकावर तो. फुईला बघून तो उठला, वाकला, "अ… अ… अक्का" म्हणाला. फुईनं त्याला आईचं कसं काय विचारलं. मी भिंतीकडे बघत होते.

चौकशीचे साहेब मुंबईहून आलेले, पन्नाशीचे, सर्दीनं हैराण. वाईट माणूस नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. त्यांनी माझा अर्ज वाचला. सगळा वाचला. मग चष्मा काढला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"यात तुमच्या आत्यांनी बसवलेलं एकही हाड नाही, बाई. या गृहस्थांची मात्र सगळी हाडं मोडली आहेत."

लोक हसले. कारकूनही हसला. फुईला अर्ज कळला नाही, पण हसणं कळलं, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

साहेब तिच्याकडे वळले. "आजी, तुम्ही किती वर्षं हाडं बसवता?"

"मी नाही बसवत," फुई म्हणाली. "बसायचं असतं, बसतं."

"बरं. तुमच्याकडे जे येतात त्यांची नावं सांगा. दहा सांगा, पाच सांगा."

"नाव नाही इचारत मी."

"एकाचंही नाही?"

फुईनं मनापासून आठवून पाहिलं. मग बोटं मोजत म्हणाली, "पहूरचं एक हाये, डावं मनगट. भडगावची एक मांडी. इथलाच एक खांदा, तो दोनदा निंघाला. पाळधीकडची कोपराची बाई, तिले मागून पोरगं झालं…"

कारकुनानं दौतीत टाक बुडवून विचारलं, "साहेब, पहूरचं डावं मनगट असंच लिहू?" पुन्हा हशा. साहेब हसले नाहीत. "लिहू नका," म्हणाले.

मग त्याची पाळी. त्याला बोलायला लागलंच नाही. त्यानं कापडी बांधणीची एक जाड वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली आणि कारकुनाला वाचायला सांगितलं. साल, महिना, गाव, नाव, हाड. कारकून वाचत गेला. पहूर, अमुक अमुक, डावं मनगट. भडगाव, अमक्याची मुलगी, मांडी. पाळधी, कोपर.

मी ऐकत गेले आणि एकेकाला ओळखत गेले. ती फुईची माणसं होती. दोन वर्षं गुरुवारी तो पायरीवर बसला होता ना, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला नाव विचारून घेत होता. जे जुने रोगी नुसते दुसऱ्या कोणाला घेऊन यायचे त्यांनाही विचारत होता, तुमचं कधी मोडलेलं, कोणत्या साली. चाळीस वर्षांत जे कोणी विचारलं नाही ते त्यानं विचारलं. बोलता न येणाऱ्या माणसानं. आणि मी, जिचं तोंड बंद होत नव्हतं, मी त्या ओट्यावर बसून एकाचंही नाव विचारलं नव्हतं.

मी उभी राहून म्हणाले, "ही सगळी फुईची माणसं आहेत. हा तेव्हा पायरीवर बसून फक्त बघत होता."

साहेबांनी वही मिटली. "वहीवर नाव यांचं आहे. बरं, आजींनाच विचारतो. आजी, हे गृहस्थ दहा वर्षं हे काम करताहेत म्हणतात. तुमचा अर्ज म्हणतो, चारच वर्षांपूर्वी तुमच्याकडे शिकले. काय खरं?"

फुई त्याच्याकडे बघत राहिली. तो जमिनीकडे.

"त्याचा हात माह्यापेक्षा हलका हाये," ती म्हणाली. "त्याच्या हातानं माणसाले दुखत नाही."

"मी वर्षं विचारली."

"वर्षं मले मोजता येत नाही, साहेब."

खोटं. केळीचा प्रत्येक घड कधी निसवला ते तिला दिवसासकट सांगता यायचं. तिनं त्याला वाचवलं. आणि मला खरं दुखलं ते तेही नाही. त्याचा हात हलका आहे हे ती त्या भरल्या कचेरीत बोलली. माझ्याबद्दल असं एक वाक्य ती आयुष्यात कोणाजवळ बोलली नाही.

त्याला सूट मिळाली. फुईचा अर्ज पुराव्याअभावी नामंजूर. उठताना साहेब मला म्हणाले, "तीन महिन्यांत फेरतपासणी मागता येईल. पण कागद नकोत मला तुमचे. माणसं आणा."

परतीची गाडी असोद्याच्या शिवेला लागली. फुई म्हणाली, "तो कागद तू माह्यासाठी लिहिला का त्याच्यासाठी?"

मी गाडीतून उतरले आणि पायी चालू लागले.

त्यानंतर ओट्यावर कोणी बसू नये म्हणून तिनं त्यावर गोवऱ्या थापल्या. तरी माणसं आली. एके सकाळी ममुराबादची एक बाई आली, गाडीवरून पडलेली, कोपर सुजून टम्म. फुई दारात उभी राहिली, हात पदराखाली. "मले मनाई हाये, माय. जळगावले जा." बाई म्हणाली, "नुसतं पाहा तरी." फुईनं पाहिलं नाही. जळगावात तो दुकानात नव्हता, धुळ्याला गेला होता. तो येईपर्यंत चार दिवस गेले. त्यानं होईल तेवढं केलं, पण त्या बाईचा हात आता पूर्ण सरळ होत नाही. वेणी घालायला तिला सून लागते. तिला दारातून परत पाठवलं त्या दिवशी फुईनं दोन्ही वेळा चूल पेटवली नाही.

हे त्याला कळलं तेव्हा तो असोद्याला आला. मी त्याला ओट्यापाशीच अडवलं.

"वही दे," मी म्हणाले.

तो बराच वेळ अडखळला. मी मुद्दाम मदत केली नाही. शेवटी म्हणाला, "तेव्हा… मागितली असतीत तर दिली असती. आता दिली तर माझंही नाव जाईल."

"जाऊ दे."

आतून फुई म्हणाली, "नको मागू त्याले. त्याचंही गेलं तर या लोकांनी जायचं कोणाकडे?"

तो गोवऱ्यांकडे बघत उभा राहिला आणि मग निघाला. येतो म्हणाला नाही, मागे पाहिलं नाही. फुईचा नियम त्यानं माझ्याहून चांगला पाळला, आणि त्याचाही मला राग आला.

आता तुम्हाला सांगते. तुम्ही म्हणजे पहूर, भडगाव, पाळधी, असोदा आणि जळगावच्या पेठेतले तुम्ही, ज्यांनी मला पाणी दिलं, सुपारी दिली आणि सही दिली नाही. तुमची कारणं मी ऐकून घेतली होती. भरती, सोयरिक, मालक. ती कारणं आता संपली. तुमचं हाड मोडलं होतं हे सरकारच्या टेबलावर भर कचेरीत नावगावानिशी वाचून झालं आहे. मुलीच्या मांडीचं आणि तुमच्या मनगटाचं जे लपवायचं होतं ते लपलेलं नाही. फक्त ते हाड कोणी बसवलं एवढंच चुकीचं लिहिलं गेलंय.

त्या औषधांच्या दुकानदाराविरुद्ध एक शब्द बोलू नका. बोलावंसं मला वाटतं, तुम्हाला वाटायचं कारण नाही, आणि फुईला ते नको आहे. तिनं तुमच्याकडून आजवर मोबदल्यात घोटभर पाणीही घेतलं नाही, आताही मागत नाही. मागते आहे मी. तीन महिन्यांतले सात आठवडे गेले. मुदत संपायच्या आत, कामाच्या कोणत्याही दिवशी, जळगावच्या कचेरीत स्वतःच्या पायांनी जा, नाव सांगा, गाव सांगा, आणि म्हणा: माझं हाड मोडलं होतं, असोद्याच्या अक्कानं ते बसवलं, तिचं नाव यादीत घाला.